धुतलेला एअर फिल्टर आणि परत परत पेटणारा इंजिनचा दिवा

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. धुऊन वापरायचा, लाल कापडी जाळीचा परफॉर्मन्स एअर फिल्टर हौसेने बसवला. गाडी झकास चालायला लागली, आवाजही जरा भरदार झाला. चवथ जवळ आली तशी गाडी धुवायला काढली, त्यात फिल्टरही धुतला, तेल मारून परत बसवला. आठवड्याभरात डॅशबोर्डवर पिवळा दिवा. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून दिवा घालवला, तर चोर्ला घाट चढेपर्यंत तो परत हजर. मग कुणीतरी सांगतो, ‘ही कंपनी नको, ती दुसरी चांगली.’ दुसरी कंपनी येते, आणखी पाचेक हजार जातात, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर दिवा तोच.

डिचोलीच्या बाजारात सुट्या भागांचं दुकान चालवताना असे फिल्टर परत घेऊन येणारे बरेच भेटतात. मी त्यांना आधी एकच विचारतो: धुतल्यावर किती वेळ वाळवला? उत्तर बहुतेक ‘दुपारभर’ असं असतं. ऑगस्टमधली गोव्यातली दुपार! इथे शर्ट दोन दिवस दोरीवर राहून वास मारतो, तिथे घड्याघड्यांच्या कापसाच्या जाळीने चार तासांत काय वाळावं?

माझं मत आधीच सांगतो. ह्या तक्रारीत कंपनी क्वचितच दोषी असते. दोष निघतो तो धुण्या-वाळवण्यात, तेल मारण्यात किंवा पेटीत फिल्टर बसवण्यात. आणि बऱ्याचदा फिल्टरचा काही संबंधच नसतो, बिचारा नुकताच हाताळला गेला म्हणून त्याच्यावर आळ येतो. त्यामुळे नवा फिल्टर मागायला येण्याआधी खालचं सगळं तपासून या. माझी विक्री बुडाली तरी चालेल.

आधी गाडीत सेन्सर कोणता आहे ते बघा

‘फिल्टरचं तेल सेन्सरवर बसतं’ हे वाक्य आता सगळ्यांना पाठ आहे. पण कुठल्या सेन्सरवर? काही गाड्यांत हवा मोजायला एमएएफ सेन्सर असतो. फिल्टरच्या पेटीतून बाहेर पडणाऱ्या पाइपात एक बारीक तार किंवा पातळ पत्री वीज देऊन तापवलेली असते. वाहणारी हवा तिला थंड करते. तिचं तापमान टिकवायला किती करंट लागतो, त्यावरून इंजिनचा संगणक हवेचं वजन काढतो आणि त्या मापाने पेट्रोल सोडतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, म्हणजे एक लीटर जाळायला सुमारे ९ हजार लीटर हवा ह्या तारेवरून जाते. त्या तारेवर तेलाचा पातळ थर बसला आणि त्यावर आपली तांबडी धूळ चिकटली, की तारेला जणू गोधडी मिळते. हवा भरपूर जात असते, पण सेन्सर कमी सांगतो. पेट्रोल कमी सुटतं, सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, संगणक पेट्रोल वाढवत वाढवत जातो आणि मर्यादा संपली की दिवा लावतो.

पण बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतोच. तिथे मॅप सेन्सर इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजून हवेचा हिशेब करतो. हवेच्या वाटेत तापलेली तार नाही, तर तेल बसणार कशावर? अशा गाडीवाल्याने तेलाला दोष देऊन सेन्सर साफ करायचा स्प्रे विकत घेतला तर पैसे वाया.

ओळखायचं कसं? बॉनेट उघडा. फिल्टरच्या पेटीला किंवा तिच्यापुढच्या पाइपाला एक प्लग लागलेला दिसेल. त्याला चार-पाच तारा असतील तर बहुधा एमएएफ. दोनच तारा असतील तर तो फक्त हवेचं तापमान मोजणारा सेन्सर. शंका वाटली तर स्कॅनरवर ‘एमएएफ’ असा आकडा ग्रॅम प्रति सेकंदात दिसतो का ते पाहा. मात्र काही अ‍ॅप मॅपवरून हिशेब करूनही तो आकडा दाखवतात, म्हणून डोळ्यांनी बघणं जास्त खात्रीचं.

दिवा घालवू नका, वाचा

दिवा लावताना संगणक बिघाडाचा एक कोड नोंदवून ठेवतो. तो न वाचता दिवा घालवणं म्हणजे पुरावा पुसणं. फोनला ब्लूटूथने जोडायचा साधा ओबीडी डोंगल (हे कोड वाचणारं छोटं यंत्र) हजाराच्या आत मिळतो. ज्याला हा दिवा दुसऱ्यांदा दिसला त्याने तो घ्यावाच.

सगळ्यात हसू येणारा कोड पी ०११३. हवेच्या तापमानाच्या सेन्सरची जोडणी तुटली, असा त्याचा अर्थ. फिल्टर काढताना प्लग काढला आणि लावायचा राहिला, किंवा लावला पण ‘टक’ आवाज होईपर्यंत दाबला नाही. ह्या एका कोडसाठी लोकांनी फिल्टर बदललेले आहेत.

पी ०१०२ म्हणजे एमएएफकडून येणारा सिग्नल फारच कमी. हा मळक्या तारेपेक्षा प्लगच्या किंवा वायरिंगच्या बिघाडाकडे जास्त बोट दाखवतो. कळंगुट, कोलवा, मोरजी अशा किनाऱ्याच्या पट्ट्यात रात्रभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या टॅक्सींचा प्लग काढून आतल्या पिना बघा. हिरवट पूड दिसली तर तो खाऱ्या हवेचा प्रताप. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, परत जोडा. फिल्टरला हात लावायची गरजच नाही.

पी ०१०१ म्हणजे एमएएफचा आकडा बाकीच्या आकड्यांशी जुळत नाही, आणि पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. तेल लागल्याचा संशय इथे घ्यायचा, पण लगेच निवाडा करायचा नाही. पी ०१७१ दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतो. एक, एमएएफ खोटं बोलतोय. दोन, एमएएफच्या पुढे कुठेतरी पाइप फाटलाय किंवा क्लॅम्प सैल राहिलाय आणि न मोजलेली हवा आत शिरतेय. फिल्टर काढताना हा पाइप ओढला जातो, म्हणून दुसरं कारणही धुतल्यानंतरच उपटतं आणि संशय फिल्टरवर जातो.

दोन्ही वेगळी करायची रीत सोपी आहे. इंजिन गरम झाल्यावर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम लावा, म्हणजे संगणक ठरल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय (अधिक) किंवा घटवतोय (उणे) तो आकडा. शॉर्ट (तात्पुरता) आणि लाँग (शिकून धरलेला) दोन्हींची बेरीज बघा. गाडी उभी, रेस नाही, तेव्हाची बेरीज नोंदवा. मग रेस २५०० आरपीएमवर थोडा वेळ धरून परत नोंदवा. आयडलला आकडा मोठा, समजा अधिक १८ टक्के, आणि रेस वाढवल्यावर तो उतरत अधिक ४-५ वर आला, तर हवा कुठून तरी चोरून येतेय. इंजिन थोडी हवा घेतं तेव्हा चोरीचा वाटा मोठा पडतो, जास्त घेतं तेव्हा तो नगण्य होतो. उलट आयडलला आकडा ठीक आणि चढणीला, भाराखाली तो वाढत जातो, तर एमएएफ मळलाय असं धरायला हरकत नाही. फ्युएल फिल्टर तुंबला किंवा पंप थकला तरी असंच दिसतं, हे मनाच्या एका कोपऱ्यात ठेवा.

अलीकडे एक घोळ वाढलाय. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून जुन्या गाड्यांचा ट्रिम मुळातच तीन-चार टक्के वर बसतो, कारण इथेनॉलला तेवढ्याच वजनाला हवा कमी लागते आणि संगणकाला इंधन जास्त सोडावं लागतं. त्यामुळे अधिक ५ दिसलं म्हणून घाबरायचं नाही. सतत अधिक १० च्या वर राहिला तरच शोध चालू ठेवा.

डिझेलवाल्यांना ट्रिमची ही परीक्षा लागू नाही. तिथे एमएएफचं काम मुख्यतः धूर परत फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह सांभाळणं आणि धूर होऊ नये म्हणून डिझेलवर मर्यादा घालणं. एमएएफ कमी सांगायला लागला की संगणकाला वाटतं हवाच कमी आहे, तो डिझेल आखडतो आणि गाडी अनमोडच्या चढणीला तिसऱ्या गिअरमध्ये मान टाकते. दिवा लागेलच असं नाही. पिकअप गेला आणि दिवा नाही, तर डिझेलमध्ये एमएएफ आधी बघा.

पांढऱ्या रुमालाची परीक्षा

आपल्या तांबड्या मातीचा एक फायदा आहे: ती लपत नाही. फिल्टरची पेटी उघडा, फिल्टर बाहेर काढा आणि पेटीच्या आतल्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूने पांढरं स्वच्छ कापड फिरवा. पाइपातही बोट जाईल तेवढं.

कापड कोरडं आणि स्वच्छ आलं, तर फिल्टर त्याचं काम करतोय, दुसरीकडे शोधा. एका कडेला तांबडी रेघ आली, तर त्या बाजूची रबरी कड नीट बसलेली नाही आणि धूळ फिल्टरच्या आतून नाही, शेजारून जातेय. सगळीकडे सारखी पातळ तांबूस पूड आली, तर जाळीतूनच धूळ गळतेय: तेल कमी पडलं, किंवा ठिपक्याठिपक्यांत पडलं, किंवा माल बनावट आहे. कापडाला लालसर चिकट तेल लागलं, तर तेल जास्त झालं.

तेल काळपट असेल तर? ते फिल्टरचं नव्हेच. इंजिनाच्या आतली वाफ ब्रीदर पाइपातून इनटेकमध्ये परत सोडलेली असते, तिच्याबरोबर येणारं ते इंजिन ऑइल. पाइप जिथे जोडला जातो त्याच्या पुढच्या बाजूला ते जमतं. म्हातारं इंजिन असेल तर भरपूर जमतं. हा काळा तेलकटपणा दाखवून ‘बघा, तुमच्या फिल्टरने केलं’ म्हणणारे गॅरेजवाले कमी नाहीत. फिल्टरच्या तेलात बहुतेक कंपन्या लाल किंवा निळा रंग घालतात. तो कुठे किती लागला हे दिसावं, हाच त्यामागचा हेतू.

फिल्टर उजेडासमोर धरून ‘भोकं दिसतात’ म्हणणारेही भेटतात. कागदी फिल्टरला ही परीक्षा ठीक आहे, फाटलेली घडी दिसते. कापसाच्या जाळीतून बारीक उजेड आरपार दिसतोच. तिथे धूळ अडते ती तेल लागलेल्या तंतूंच्या गुंत्यात, भोकाच्या आकारावर नाही. तेल नसेल तर मात्र ती नुसती जाळी उरते.

धुणं, वाळवणं, तेल

खरी गडबड होते ती इथे, म्हणून जरा सावकाश.

रॉकेल, पेट्रोल, डिझेल, कपड्यांची पावडर, ह्यातलं काहीही नको. रॉकेल-पेट्रोलने कडेचं रबर फुगतं आणि मऊ पडतं. एकदा आकार बिघडला की ती कड पेटीत कधीच घट्ट बसत नाही. पावडरचा अंश घड्यांत राहतो. कंपनीचा क्लीनर मारायचा, दहाएक मिनिटं ठेवायचा, पण फिल्टरवरच सुकू द्यायचा नाही. मग साध्या गार पाण्याने, कमी दाबाने, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे धुवायचं. उलट धुतलं तर धूळ अजून आत रुतते. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप तर लांबच ठेवा, त्याने घड्या उघडतात. एअर गनने वाळवणंही तेवढंच वाईट. हेअर ड्रायर, शेगडी, इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर ठेवणं, सगळं वर्ज्य: कापूस आक्रसतो, कडेचं रबर वाकतं.

वाळवणं. कंपनीच्या पत्रकात ‘नैसर्गिकरीत्या वाळू द्या’ एवढंच लिहिलेलं असतं. ते कॅलिफोर्नियाच्या हवेत लिहिलेलं आहे. के अँड एन ही ह्या कापडी फिल्टरांची सर्वांत नावाजलेली कंपनी १९६९ साली तिथल्या रिव्हरसाइडमध्ये सुरू झाली आणि तिथे उन्हाळाभर पाऊस जवळजवळ नसतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि जुलैत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर तरंगते. वरून कोरडा लागणारा फिल्टर घड्यांच्या तळाशी ओला असतो. त्यावर तेल मारलं की ओल्या जागी ते शिरत नाही, कोरड्या जागी दुप्पट शिरतं. परिणाम: काही घड्यांतून धूळ गळते, काही घड्यांतून तेल. म्हणजे ज्या दोन तक्रारी एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, त्या एकाच फिल्टरवर एकाच वेळी. मग ‘तेल कमी मारलं तरी दिवा, जास्त मारलं तरी दिवा’ हे ऐकायला मिळतं आणि माणूस वैतागून कंपनी बदलतो.

ह्यावर माझा उपाय म्हणजे कापडी फिल्टर जून ते सप्टेंबर धुवायचाच नाही. मृगाच्या आधी, मेच्या कडक उन्हाच्या दिवसांत, सावलीत पण वाऱ्यावर वाळवून तयार करायचा. थेट उन्हात नको, पण व्हरांड्यात पंख्याखाली रात्रभर आणि दुसरा पूर्ण दिवस. पावसात धुणं टाळताच येत नसेल तर तेवढे दिवस कागदी फिल्टर लावून गाडी चालवा आणि कापडी घरात निवांत वाळू द्या. जुना कागदी फिल्टर फेकून देणारे इथे पस्तावतात. वाळला की नाही हे कळायला टिश्यू पेपर घड्यांच्या तळाशी दाबून धरा. डाग आला तर अजून वेळ आहे.

तेल फिल्टरचंच हवं. इंजिन ऑइल, टू-स्ट्रोक ऑइल ह्यांना चिकटपणा नाही. ते ओघळतं आणि हवेबरोबर पुढे जातं. मळक्या बाजूने प्रत्येक घडीवर एक हात, बस. मग वीस मिनिटं थांबा. कापूस स्वतः तेल ओढून घेतो. फिकट उरलेल्या जागांवर पुन्हा हलका हात. आतल्या बाजूला रंग नुसता उमटलेला दिसला पाहिजे, बोटाला तेल लागता कामा नये. ओघळ दिसला तर पुसून भागत नाही, फिल्टर कापडात गुंडाळून रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. तरी बोट तेलकट होत असेल तर पुन्हा धुवा. कंटाळा येतो, पण एमएएफ सेन्सरची किंमत विचारून बघा म्हणजे येणार नाही.

एमएएफ मळलाच असेल तर त्यासाठीचाच स्प्रे वापरा. कार्ब्युरेटर क्लीनर आणि ब्रेक क्लीनर सेन्सरच्या प्लास्टिकला आणि पत्रीवरच्या थराला खातात. इग्निशन बंद, सेन्सर बाहेर, दहा-बारा फवारे, कापूस काडी किंवा ब्रश अजिबात नाही. पूर्ण सुकल्यावरच परत.

कड, क्लिपा आणि पेटीतला पाहुणा

कडेच्या रबराला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, नुसता ओला चकाकण्यापुरता थर. पेटीच्या दोन्ही खाचा आधी पुसा. खाचेत तांबड्या मातीची वडी बसलेली असते, तिच्यावर फिल्टर ठेवला की एका बाजूने मिलिमीटरभर उचलला जातो. चारपैकी एक क्लिप तुटलेली असते आणि ती तुटलीय हे सगळ्यांना माहीत असतं. एखाद्या गाडीत तिथे पॅकिंग टेप दिसते. पेटीच त्या बाजूने उघडी असेल तर पाच हजारांचा फिल्टर काय करणार?

पेटीच्या तळाला पाणी निघून जायला एक छोटं भोक असतं. आंब्या-फणसाखाली गाडी लावणाऱ्यांचं हे भोक पानांच्या चुऱ्याने बुजतं. पावसात ट्रकच्या मागे चालवताना आत आलेले तुषार मग पेटीतच साचतात, फिल्टर ओला होतो, तेल धुऊन जातं. दर पावसाळ्यात हीच तक्रार घेऊन येणाऱ्यांनी आधी ह्या भोकात तार घालून बघावी.

आणि उंदीर. जुलैत गाडी आठवडाभर बंद ठेवा, पेटीत सुकं गवत, काजूची टरफलं आणि कधी कुरतडलेली वायर मिळते. कापडी असो, कागदी असो, त्याला सगळे सारखे.

मग घ्यावा कोणता?

आता मूळ प्रश्न. फायदा किती, ते आधी मोकळेपणी बोलू. मूळ पेटीत बसणारा चौकोनी परफॉर्मन्स फिल्टर बाकी काही न बदललेल्या गाडीला फार तर एक-दोन टक्के ताकद देतो, तेही पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर. अ‍ॅव्हरेजची आशा तर सोडाच. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली फिल्टर मुद्दाम तुंबवून गाड्या तपासल्या, तेव्हा आधुनिक इंजेक्शनच्या गाड्यांत इंधनाच्या खर्चावर म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो पिकअपमध्ये. तुंबलेल्या फिल्टरने जिथे अ‍ॅव्हरेज पडत नाही, तिथे जरा मोकळ्या फिल्टरने ते वाढणार कसं?

पैशांचा हिशेबही मांडू. कागदी फिल्टर समजा ३०० रुपये आणि दर १० हजार किलोमीटरला बदलला, तर ५० हजार किलोमीटरला १५०० रुपये होतात. धुवायचा फिल्टर साडेचार-पाच हजारांचा, वर क्लीनर आणि तेलाचा संच. पैसे वसूल व्हायला गाडी दीड-दोन लाख किलोमीटर चालली पाहिजे. टॅक्सीवाल्याला हे जमतं. घर ते पणजी करणाऱ्याला नाही.

धूळ अडवण्यात कोण वरचढ ते बघायला आयएसओ ५०११ ही चाचणी आहे. तिच्यात चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांच्या वर जातो, तेलाचा कापडी साधारण ९६ ते ९९ च्या मधे. आकडे जवळजवळचे वाटतात, पण उलट बाजूने वाचा: शंभर ग्रॅम धुळीतून एक आत जाते की चार. इंजिनाची रिंग आणि सिलिंडर झिजवते ती ५ ते २० मायक्रॉनची बारीक धूळ, डोळ्यांना न दिसणारी. ज्या वस्तूच्या खोक्यावर ह्या चाचणीचा उल्लेखच नाही, नुसतं ‘हाय फ्लो’ लिहिलंय, ती मी काउंटरवर ठेवत नाही.

म्हणून जागेप्रमाणे माझा सल्ला बदलतो. डिचोली, उसगाव, सावर्डे, सांगे हा खाणपट्टा. २०१८ मध्ये बंद पडलेलं खाणकाम २०२४ मध्ये डिचोलीपासून पुन्हा सुरू झालं, आणि टिपरांच्या मागे रोज जाणाऱ्याला मी कापडी फिल्टर देत नाही, त्यातून टर्बो डिझेल असेल तर नाहीच. तिथे कागदी घ्या आणि कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यात बदला. वास्कोत बंदराजवळ कोळशाची काळी भुकटी असते, तिथेही तेच. हायवेच्या रुंदीकरणाच्या धुळीतून पर्वरी-म्हापसा करणाऱ्यांनी काम संपेपर्यंत तरी हौस थांबवावी.

किनाऱ्यावर आणि शहरात, डांबरी रस्त्यावरच फिरणाऱ्यांना धुवायचा फिल्टर चालतो. पण तेलाच्या कापडीपेक्षा मी बिनतेलाचा सिंथेटिक सुचवतो. धुवायचा, वाळवायचा, बसवायचा. एमएएफवर तेल जायची भीतीच संपली. सिंथेटिक तंतू कापसासारखं पाणी पीत नाही, त्यामुळे आपल्या दमट हवेत लवकर सुकतो. ताकदीत फरक कुणाला जाणवत नाही. फोमचा फिल्टर बाइकवर ठीक, पण पॉलियुरेथेन फोम उष्ण-दमट हवेत वर्षांनी ठिसूळ होतो आणि त्याचे तुकडे सुटतात. घेतलात तर दर धुण्याला बोटाने चिमटून बघा, चुरा पडला की बाद.

पेटी काढून बसवायचा उघडा शंकूसारखा फिल्टर? आवाज मस्त, बाकी तोटाच. बाहेर हवा ३३ अंश, बॉनेटखाली ६० असेल, तर आत जाणारी हवा आठेक टक्के विरळ होते. जी ताकद विकत घेतली ती तिथेच गेली. तो खाली बंपरजवळ नेला तर गार हवा मिळते आणि जुलैत साचलेलं पाणीही. ते सिलिंडरमध्ये ओढलं गेलं तर हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनासाठी वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर साध्या विम्यात ते बसत नाही. नवी गाडी वॉरंटीत असेल तर फिल्टर बदलण्याआधी शोरूममधून लेखी विचारून घ्या, तोंडी ‘चलता है’ नको.

सगळं केल्यावर

कोड पुसा आणि गाडी दोन-तीन दिवस नेहमीच्या रस्त्याने चालवा. थोडी बाजारात, थोडी हायवेला, एखादी चढण. संगणकाला ट्रिम नव्याने शिकायला शंभरेक किलोमीटर लागतात, त्याआधीचे आकडे मानू नका. मग परत वाचा. लाँग ट्रिम पाचाच्या आसपास स्थिरावला तर झालं. अजूनही अधिक १० च्या वर असेल, तर कागदी फिल्टर घालून तेवढंच अंतर पुन्हा चालवा. कागदीवरही आकडा हलला नाही तर फिल्टर निर्दोष सुटला. आता फ्युएल प्रेशर, इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सर हे गॅरेजचं काम. जाताना दोन्ही वेळचे आकडे कागदावर लिहून न्या, नाहीतर तिथेही पहिला हात एअर फिल्टरलाच लागतो.